अंगणात आमसुलं वाळताहेत

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू म्हणालीस, "एवढं एम.कॉम. केलंस ते काय पोळ्या लाटायला?" तेव्हा मी विषय बदलला. पण तीन दिवस ते मनातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले. अंगणात आमसुलं वाळत घातलीत, माकडं येतात, त्यामुळे ओसरीवरच बसलेय.

रातांब्यांना, म्हणजे कोकमाच्या फळांना, इथे गोव्यात भिरंडं म्हणतात. परसातल्या दोन्ही झाडांची यंदा सगळी आमसुलं मी एकटीने केली. फळं चिरून बिया आणि गर वेगळा काढायचा, त्याला मीठ लावलं की रस सुटतो. सालं त्या रसात भिजवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी परत रसात. अशी पाच-सहा पुटं चढली की साल काळसर आणि चिवट होते. पहिल्या वर्षी मी तीन पुटांवरच बरणी भरली आणि पावसाळ्यात सगळ्याला बुरशी आली. सासूबाई तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. परवा त्यांनी एक आमसूल दोन बोटांत दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आता हात बसला गो तुझा." बाबा, कारखान्याचा ताळेबंद पैशापैशाने जुळला की तुम्ही चष्मा काढून ठेवायचात ना, अगदी तसं वाटलं मला.

मे महिन्यात इथे पुरुमेंत भरतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. खोल्याची मिरची, सुकी मासळी, कांद्याच्या माळा, मीठ, चिंच. कशाचं किती लागलं, किती उरलं, काय वाया गेलं, याची मी तीन वर्षं वही ठेवलीय. माझं शिक्षण या वहीत आहे, बाबा, ते कुठे गेलेलं नाही.

तुमची काळजी पैशाची आहे, कळतं मला. पण गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको दोघांच्या मालमत्तेत निम्मे-निम्मे धनी. गेल्या वर्षी रस्त्याकडेची जमिनीची पट्टी विकताना माझी सही झाल्याशिवाय कागद पुढे सरकला नाही. मी पगार आणत नव्हते, तरी. देशात सगळीकडे असं नाही. २०१९च्या सरकारी सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं आलं, पुरुषांची ९७. त्या २९९ मिनिटांना बहुतेक घरांत कोणी काम म्हणतच नाही. आमच्या घरात म्हणतात, म्हणून मी हे मनापासून करू शकते. नाहीतर तुझंच बरोबर ठरलं असतं, आई.

आणि तुला एक सांगायचं होतं. पहाटे पाचला उठून, डबे भरून, सातची एसटी गाठून तू शाळेत जायचीस. त्या पगारावर मी शिकले. मी घरी राहिले म्हणजे तुझी ती पळापळ फुकट गेली, असं तुला वाटत असेल तर तसं समजू नकोस गं. तुला निवडायला मिळालंच नव्हतं. मला मिळालं, आणि ते तुझ्यामुळे. कचेरी सोडताना मला कोणी भाग पाडलं नाही. कधी दुपारी घर अंगावर येतं, पहिल्या तारखेला पगाराची आठवणही होते. पण संध्याकाळी सासूबाईंना धरून तुळशीपर्यंत नेते, पोर माझ्या पदराला धरून मागे चालते, तेव्हा दुसरीकडे कुठे असावं असं वाटत नाही.

मृगाच्या आधी या दोघं. बाबांच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून खालची खोली झाडून ठेवलीय. आई, येताना ती आजीची पितळी परात आण. इथली स्टीलची आहे, तिच्यात मीठ लावलेला रस राहतो, पण पापडाचं पीठ तसं मळून होत नाही.

तुमची,
बेबी