युनायटस, मरिनो आणि तुझा तक्ता

कोलंबस, ओहायो

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

पुतण्याच्या नादाने तुलाही अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं, हे झकास झालं. इतकी वर्षं इथे राहून या खेळावर मराठीत भांडायला हक्काचं माणूस मिळत नव्हतं. पण तू पाठवलेला क्वार्टरबॅकांचा, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणाऱ्यांचा, तक्ता पाहिला आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. करिअर रेटिंगच्या, म्हणजे पूर्ण कारकिर्दीतल्या पासफेकीच्या गुणांकाच्या, उतरत्या क्रमाने सगळ्यांना उभं केलंस, त्यात चॅड पेनिंग्टन ९०.१ वर आणि जॉनी युनायटस बिचारा ७८.२ वर! डॅन मरिनोच्या (८६.४) डोक्यावर जेफ गार्सिया (८७.५) बसलेला. आकडे सगळे बरोबर आहेत रे. निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही.

विजय मर्चंटांची ७१.६४ ची सरासरी निघाली की तू खेळपट्ट्या, गोलंदाज, त्या काळचे सामने, सगळं उकरून काढतोस. मग इथेच कसा एका आकड्यावर विश्वास टाकून मोकळा झालास?

आधी त्या रेटिंगचंच पोट फाडू. एनएफएलने, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगने, हे सूत्र १९७३ मध्ये स्वीकारलं. त्यात चारच गोष्टी मोजतात: शंभरातले किती पास पोचले, दर पासमागे किती यार्ड मिळाले, किती टक्के पासवर टचडाउन झाले (चेंडू शेवटच्या रेषेपार पोचून गुण मिळाले) आणि किती टक्के प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेले (इंटरसेप्शन). प्रत्येक घटकाला जास्तीत जास्त २.३७५ गुण, बेरजेला सहाने भागून शंभराने गुणायचं. म्हणून परिपूर्ण रेटिंग १५८.३ असं विचित्र येतं. आता एक गंमत कर. समज, एकाने दिवसभर प्रत्येक चेंडू जमिनीवर आपटला. एकही पास पोचला नाही, पण इंटरसेप्शनही नाही. पहिल्या तिन्हींत शून्य, चौथ्यात पूर्ण २.३७५. भागून बघ, रेटिंग ३९.६ येईल. काहीही न केल्याबद्दल! आणि क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवा पाडला, म्हणजे सॅक झाला, तर त्याचा या सूत्रात पत्ताच नाही. धावून मिळवलेले यार्डही नाहीत.

खरी मेख पुढेच आहे. हे सूत्र बेतलं ते १९६०च्या दशकातल्या खेळावर, आणि तेव्हाचा सरासरी खेळाडू ६६.७ वर यावा असा हिशोब होता. आजची सरासरी नव्वदीच्या आसपास आहे. म्हणजे युनायटसचे ७८ त्या काळच्या सरासरीच्या चांगलेच वर आणि आजचे ९० म्हणजे जेमतेम पास.

सरासरी वाढली कारण नियम बदलले. पूर्वी बचावपटू रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, बरंच पुढेपर्यंत ढकलत, अडवत, धक्के मारत जायचे. १९७८ मध्ये पाच यार्डांपलीकडे ते बंद झालं. त्याच वर्षी क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात लांब करून अडवायची मुभा मिळाली, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळ मिळाला. सामनेही १२ चे १४, १४ चे १६ आणि २०२१ पासून १७ झाले. जो नॅमथ बघ. १९६७ मध्ये १४ सामन्यांत ४,००७ यार्ड, चार हजार ओलांडणारा पहिला माणूस. त्याच मोसमात २६ टचडाउन आणि २८ इंटरसेप्शन. आज असं कोणी खेळलं तर दिवाळीच्या आत बाकावर बसवतील. तो मात्र हॉल ऑफ फेममध्ये आहे, आणि असावाच. त्या काळी लांबवर फेकायचं म्हणजे चेंडू गमावायचा धोका पत्करायचाच, सगळेच पत्करत.

म्हणून माझा आग्रह एवढाच: खेळाडूला त्याच्याच वर्षातल्या इतरांशेजारी उभा कर. सरासरीला १०० मानून, प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) १५ धरून आकडे मांडायची पद्धत इथे रूढ आहे, पण तेवढंही नको. नुसतं हे बघ. मरिनोने १९८४ मध्ये ४८ टचडाउन पास दिले. तोवरचा विक्रम ३६ चा होता आणि त्या वर्षी दुसऱ्या नंबरवर डेव्ह क्रीग ३२ वर. २०२० मध्ये ॲरन रॉजर्सनेही ४८ दिले, दुसऱ्या नंबरवर ४० वाले दोघे. आकडा तोच, पण एक दीडपट पुढे होता आणि दुसरा एकपंचमांशाने. (रॉजर्सची इंटरसेप्शन अवघी ५ आणि मरिनोची १७, हेही सांगतो, नाहीतर तू मला धरशील.) या पद्धतीतही एक भोक आहे: ब्रेडी, मॅनिंग, ब्रीझ, रॉजर्स असे दिग्गज एकाच वेळी खेळत असले की कोणीच फार उंच दिसत नाही.

आता तुझं हुकमी पान, टॉम ब्रेडीच्या सात अंगठ्या, म्हणजे सुपर बोल हा अंतिम सामना जिंकल्याच्या. पहिला सुपर बोल त्याने १४५ यार्डांत जिंकला, शेवटच्या क्षणी त्याच्या संघातल्या व्हिनातिएरीने ४८ यार्डांवरून किक मारली म्हणून. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याने ५०५ यार्ड फेकले आणि फिलाडेल्फियाकडून हरला. अंगठी पहिल्याची मोजतोस, चांगला खेळ दुसऱ्यात होता. क्वार्टरबॅक जो माँटानाचंही तसंच. चार सुपर बोलमध्ये १२२ पास, एकही इंटरसेप्शन नाही, हे सगळे डोळे विस्फारून सांगतात. प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) बाकी सामन्यांतली २१ इंटरसेप्शन कोणी सांगत नाही.

जाता जाता: चेंडू मैदानात कुठे आहे यावरून त्या स्थितीची किंमत किती गुण, हे मोजणारा निबंध १९७१ मध्येच छापून आला होता. आजची सगळी नवी मोजमापं त्याच वाटेवरची. त्याचा एक लेखक व्हर्जिल कार्टर, सिनसिनाटी बेंगल्सचा चालू क्वार्टरबॅक! इथून दोन तासांवरच्या गावातला संघ, त्यामुळे मला जरा जास्तच अभिमान.

माझा कौल? एका मोसमासाठी ८४ चा मरिनो, डोळे मिटून. पूर्ण कारकिर्दीसाठी ब्रेडीच, पण अंगठ्यांसाठी नव्हे. ८९,२१४ यार्ड आणि ६४९ टचडाउन ४५ व्या वर्षापर्यंत खेळत राहिल्याशिवाय होत नाहीत, आणि इतकी वर्षं त्याची पातळी घसरली नाही, म्हणून. युनायटस माझ्या यादीत पहिल्या पाचात. पेनिंग्टनचं तू ठरव.

पेटन मॅनिंगची बाजू मी मुद्दाम मांडली नाही. पाच एमव्हीपी (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार) आहेत त्याच्याकडे, तेव्हा पुढच्या पत्रात तू त्याच्या वतीने लढ. तक्ता मात्र वर्षवार करून पाठव, आणि सॅकचा रकाना विसरू नकोस.

वहिनींना नमस्कार, पुतण्याला शाबासकी.

तुझाच,
अव्या