फौजेतून आलेली जुनी पत्रे जपायला हवीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विजय दिनाच्या निमित्ताने आपल्या दैनिकात मराठा पलटणींच्या पराक्रमावर आलेले लेख वाचले. लेख चांगले होते. मात्र त्यांत शिपाई लढताना दिसला, घरासाठी झुरताना कुठेच दिसला नाही. यात लेखकांना दोष देता येणार नाही, कारण त्या झुरण्याचा लेखी पुरावा त्यांच्या हाती लागणे अवघड आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर तपासत असे आणि निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करून वरिष्ठांना पाठवत असे. हेतू पाळत ठेवण्याचा होता, तरी त्यामुळेच पंजाबी, पठाण, गढवाली शिपायांनी बायकामुलांच्या आठवणीने लिहिलेला मजकूर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही वाचायला मिळतो. मराठा पलटणी मात्र मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात तिथल्या कुत-अल-अमारा या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनमधील मराठा शिपाईही अडकले, उपासमार सोसून शेवटी कैद झाले, आणि त्यांतले कितीतरी जण वाळवंटातील पायपिटीत व मजुरीच्या छावण्यांत संपले. आमच्याच जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावातील 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. त्यांनी घरी काय लिहिले, किंवा अक्षरओळख नसल्याने कोणाकडून काय लिहवून घेतले, हे मात्र कोणी विचारलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत असलेल्या माझ्या आजोबांची काही पत्रे आमच्या घरी आहेत. एकही पत्र आजीच्या नावे नाही. सगळी ‘तीर्थरूप वडिलांचे सेवेशी’ अशी सुरू होतात, कारण पत्र आले की गुरुजी ते ओसरीवर सर्वांसमोर वाचून दाखवणार, हे आजोबांना ठाऊक होते. आपण कुठे आहोत हे लिहायला मनाई होती आणि बायकोची आठवण येते हे लिहायची लाज, त्यामुळे पत्रभर मनीऑर्डर, बैल आणि नांगरट यांचीच चौकशी आहे. शेवटी, जागा संपत आली की, अक्षर बारीक करून ते विचारतात की थोरलीचा कान फुटायचा तो बरा झाला का. एका पत्रात तर, सुगी आटोपली की घरच्या मंडळींना चार दिवस माहेरी पाठवावे, अशी वडिलांना विनंती आहे. सासुरवाशिणीसाठी नवऱ्याने परमुलखातून रदबदली करावी, तीही भर लढाईत, याचे मला फार अप्रूप वाटते.

अशी पत्रे सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी या जिल्ह्यांतील अनेक ट्रंकांमध्ये नक्की असतील. जुनी काही मोडीत असणार, आणि आता घरात मोडी वाचणारे कोणी उरले नसल्याने घर पाडताना ती सरळ रद्दीत किंवा चुलीत जातात. माणगावला पुतळा असलेले यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे पुस्तकात सापडते. त्यांच्याच पलटणीतील साध्या शिपायाला मुलांची काय काळजी लागली होती, हे फक्त त्या ट्रंकेतच सापडेल.

माझी सूचना एवढीच की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी विद्यापीठांच्या इतिहास व मराठी विभागांच्या मदतीने गावोगाव जाऊन या पत्रांचे स्कॅनिंग करावे. मूळ पत्र घरीच राहू द्यावे, नाहीतर कोणी हातात देणार नाही. पत्रांत भाऊबंदकी आणि कर्जाच्या गोष्टीही निघतील, म्हणून नावे झाकण्याची मुभा हवी. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, तेव्हा हे काम आवाक्याबाहेरचे आहे असे म्हणता येणार नाही. 1962, 1965 आणि 1971 च्या लढायांतील पत्रेही यात घ्यावीत; ती लिहिणारे काही जण अजून हयात आहेत आणि कोणत्या पत्रात काय लपवले होते ते स्वतः सांगू शकतील.

आपल्या दैनिकाने याबाबत एक जाहीर आवाहन छापावे, ही विनंती. आमच्या घरची पत्रे स्कॅनिंगसाठी द्यायला आम्ही तयार आहोत.

आपली विश्वासू,
एक वाचक
ता. कोरेगाव, जि. सातारा