गोठ्याची वही आमच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या दारात तीन गायी आहेत. दोन दुधावर, एक गाभण. २०२४ च्या जुलैपासून सप्टेंबरअखेर आम्ही दूध संकलन केंद्रावर रोज सरासरी १८ लिटर दूध घातले. शासनाने १ जुलैपासून गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले होते. ९२ दिवसांचे ८,२८० रुपये होतात. आमच्या खात्यावर त्यातला एक रुपयाही आला नाही. केंद्रावर विचारले तर उत्तर मिळाले, "ताई, माहिती जुयत नही." कोणती माहिती, कशाशी जुळत नाही, हे कळायला आणखी महिना गेला.

झाले होते ते असे. आमच्या खैरी गायीच्या कानातला ओळख क्रमांकाचा पिवळा बिल्ला वैशाखात पडला. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाला कान घासायची तिची सवय आहे. पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचायला डॉक्टर आले तेव्हा त्यांनी दुसरा बिल्ला मारला. त्यावर बारा आकड्यांचा नवा नंबर आला. तो त्यांनी मोबाईलमध्ये भरला, पण जुन्या नंबराशी तो जोडला गेला नाही. केंद्राच्या यादीत जुनाच नंबर राहिला. म्हणजे गोठ्यात गायी तीन आणि सरकारदरबारी चार. दुसरी गडबड नावाची. बिल्ला मारताना घरात सासूबाई होत्या म्हणून गाय त्यांच्या नावावर लागली, दुधाचे खाते नवऱ्याच्या नावाचे, आणि आधार जोडलेले बँक खाते माझे. आमच्या लेखी हे एकच घर आहे. संगणकाच्या लेखी ही तीन अनोळखी माणसे.

दुरुस्तीसाठी मी चार फेऱ्या मारल्या. दवाखान्यात सांगितले केंद्रावर जा, केंद्रावर सांगितले दवाखान्यात जा. कोणी वाईट बोलले नाही. एका दवाखान्याच्या गळ्यात कितीतरी गावे असतात आणि पशुधन पर्यवेक्षक दिवसभर मोटारसायकलवर असतो, हे मला दिसते. शेवटी दुरुस्ती झाली, ऑक्टोबरपासून ७ रुपये दराचे अनुदान आलेही. मागचे तीन महिने मात्र गेले ते गेलेच.

नोंदी नकोत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. नोंद नसली की काय होते ते आपल्या जळगाव जिल्ह्याने सगळ्यांच्या आधी पाहिले आहे. २०२२ च्या साथीत राज्यात गुरांच्या लम्पी त्वचारोगाचा पहिला रुग्ण सापडला तो ४ ऑगस्ट रोजी, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. पुढे सगळ्या खान्देशात गुरे अंगभर गाठी घेऊन उभी होती. शासनाने दुधाळ जनावरामागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत ठरवली. आमच्या गल्लीतल्या काकांचा बैल गेला तेव्हा पंचनाम्यात रंग कोणता, शिंगे कशी, भोवरा कुठे, हे लिहिताना काकांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बिल्ला असता तर एका आकड्यात काम झाले असते. आता तर नियमच आहे की बिल्ला नसेल तर वीज पडून, शॉक लागून किंवा बिबट्याच्या हल्ल्यात जनावर मेले तरी भरपाई नाही. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूकही बंद आहे. यावल, चोपडा, शहाद्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना बिबट्या रोजचाच आहे. त्यांच्या गायीच्या नावे दोन नंबर असतील, तर पंचनाम्यात कोणता लिहायचा?

खरी नोंद आमच्याकडे पहिल्यापासून आहे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. गाय फळली ती तारीख, एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर आली का त्याची खूण, व्यायला नऊ महिन्यांवर किती दिवस झाले, दूध कधी आटवले, लस कधी टोचली, ढेपेचे पोते कधी आणले, सगळे सासूबाई पेन्सिलीने लिहितात. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत. एक गाय सारखी उलटत होती, म्हणजे गाभण राहत नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी तेच कॅलेंडर उलगडून मागच्या चार तारखा पाहिल्या आणि तिथल्या तिथे उपचार ठरवला. इतकी ताकद त्या चार आकड्यांत होती. पण जानेवारी लागला की ते कॅलेंडर खिळ्यावरून उतरते आणि पोरांच्या पुस्तकांना कव्हर घालायला जाते. आणि ते असले तरी कुठल्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही.

तिकडे 'भारत पशुधन' या सरकारी मोबाईल नोंदणीत आमच्या गायीची जी माहिती आहे ती भरतो दुसरा, आणि बरोबर का चूक तेही ठरवतो दुसराच. मोबाईलवर पाहायची सोय आहे, हे खरे. पण जिच्या नावावर गाय आहे तिच्या हातात बटणाचा फोन आहे. जात चुकीची लागली, कितव्यांदा व्याली ते वेत चुकले, विकलेली गाय नावावर राहिली, तर आम्हाला ते कळते कधी? अनुदान अडकते तेव्हा. मधली गाय आम्ही पाचोरा तालुक्यातल्या वरखेडीच्या बाजारातून घेतली. पावती आहे, पैसे दिले, गाय दावणीला बांधली. तरी पाच महिने ती मोबाईलमध्ये आधीच्या मालकाचीच होती. त्या बिचाऱ्याला त्याची कल्पना नव्हती आणि आम्हालाही नव्हती.

इंग्लंडमधल्या गुरांच्या नोंदींबद्दल मध्यंतरी वाचनात आले. तिथे मांसासाठी गुरे पाळतात आणि आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा ती तुलना मला करायची नाही. पण 'मॅड काऊ' रोगाने हाहाकार उडवल्यावर १९९६ पासून तिथे जन्मलेल्या प्रत्येक वासराला पासपोर्ट मिळू लागला, आणि त्याशिवाय गोठ्याची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी शेतकऱ्यावरच आहे. जनावर आले किंवा गेले की ३६ तासांच्या आत त्याने स्वतः लिहायचे, नोंदी दहा वर्षे जपायच्या. तपासणीला माणूस आला की जनावराचा कान, शेतकऱ्याची वही आणि सरकारची यादी, तिन्ही ताडून पाहतो. काम कटकटीचे आहे, २०२३ पर्यंत तर चूक सापडली की अनुदानही कापले जाई. पण तिथल्या शेतकऱ्याला "माझ्या वहीत हे असे लिहिले आहे" एवढे तरी म्हणता येते. मला काय म्हणता येत होते? माझ्याकडे पेन्सिलीचे कॅलेंडर होते.

म्हणून पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती आहे की प्रत्येक गोठ्याला एक वही द्यावी. बाळाच्या लसीकरणाचे कार्ड अंगणवाडीत मिळते, तशी. एका जनावराला एक पान. बिल्ल्याचा नंबर, जात, जन्म किंवा खरेदीची तारीख, रेतन, वेत, लस, विक्री, मृत्यू. डॉक्टरांनी मोबाईलमध्ये जे भरले तेच त्याच वेळी वहीत लिहून सही करावी. दोन मिनिटांचे काम आहे. बिल्ला पडला तर जुना आणि नवा नंबर एकाच ओळीत, शेजारी तारीख. ती ओळ दाखवल्यावर केंद्राने यादी ठरलेल्या दिवसांत दुरुस्त केलीच पाहिजे, आणि दुरुस्तीला उशीर आमच्या चुकीने झाला नसेल तर मागचे अनुदानही मिळाले पाहिजे. अनुदान नाकारले तर कारण मराठीत, नंबरासकट, आमच्या फोनवर यावे. 'माहिती जुळत नाही' हे कारण होत नाही.

वही आली तर आमच्यावरही काम येईल, ते मी मान्य करते. बायकांवर अधिकच येईल, कारण गोठा त्याच पाहतात. पहाटे चारला शेण काढायचे, धारा काढायच्या, कपाशीच्या वेचणीला जायचे आणि रात्री वही लिहायची. तरी आम्ही लिहू. गावातल्या बचत गटाची वही बायकाच लिहितात आणि त्यात पैशाचाही फरक येत नाही. गाय कोणाच्या नावावर लावायची हे बिल्ला मारतानाच घरातल्या सगळ्यांसमोर विचारले, तर निम्मे घोळ तिथेच मिटतील. बँकेचे पासबुक कोणाचे आहे हे तेव्हाच पाहून घ्यावे. दारात फक्त म्हातारे माणूस असेल तर त्याचे नाव घालून पुढच्या घरी जाऊ नये.

आमची खैरी पौषात व्यायची आहे. कॅलेंडरवर सासूबाईंनी तारखेभोवती गोल केला आहे. कालवड झाली तर ठेवायची असे घरात ठरले आहे. तिच्या कानात बिल्ला बसेल त्या दिवशी डॉक्टरांच्या मोबाईलबरोबर आमच्याही हातात तिचा नंबर सहीनिशी लिहिलेला असावा. खात्याच्या अधिकाऱ्यांनी या पत्राची दखल घ्यावी आणि पारोळा, अमळनेर, धुळे, साक्रीकडच्या दूध उत्पादकांनी आपापले अडकलेले अनुदान कशामुळे अडकले ते आपल्या दैनिकाकडे लिहून कळवावे, ही विनंती.

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी महिला
ता. पारोळा, जि. जळगाव