दाढेवर रेषा काढू नकोस

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

तुझा आराखडा नीट पाहिला. खालच्या पहिल्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे दाताचं कृत्रिम मूळ, बसवताना हाड, जबड्यातली नस (मज्जातंतू) आणि ड्रिलचा मार्ग हेडसेटमधून थेट तोंडावरच दिसावा, ही कल्पना कागदावर देखणी आहे. तरी सांगतो, ड्रिल चालू असताना त्या जागेवर काहीही रंगवू नकोस.

होलोलेन्स २ सारख्या पारदर्शक भिंगांच्या हेडसेटमध्ये प्रतिमा साधारण २ मीटरवर फोकस झालेली असते. डॉक्टरचे डोळे मात्र ४० सेंटिमीटरवरच्या तोंडात असतात. एक स्पष्ट दिसलं की दुसरं पुसट होतं, आणि डोळे थकतात ते वेगळंच. त्यात या भिंगांना काळा रंग दाखवता येत नाही. काळं म्हणजे पारदर्शक. खुर्चीवरचा दिवा तोंडात पडला की तुझ्या फिकट निळ्या रेषा दिसायच्याच बंद होतील. आणि हाडातली रेषा ड्रिलच्या मागे असायला हवी, ती ड्रिलवरूनच गेलेली दिसते. मग खोली कशी कळणार?

म्हणून लक्ष्यचक्र, म्हणजे ड्रिलचा नेम दाखवणारं गोल चित्र, गालाबाहेर ठेव, मान न वळवता नजर टाकता येईल इतकं जवळ. त्यात दोन वर्तुळं पुरेत: एक ड्रिलच्या टोकाचं, एक मागच्या टोकाचं. दोन्ही मध्यबिंदूवर एकावर एक आली की जागाही बरोबर आणि कोनही. बाजूला एकच आकडा, उरलेली खोली मिलिमीटरमध्ये. बाकी सगळं काढून टाक.

नस बारीक लाल रेषेने दाखवली आहेस, ते मला धोक्याचं वाटतं. इम्प्लांट आणि नस यांच्यात २ मिमी हाड सोडायचं असतं. त्यामुळे नस त्या २ मिमीसकट जाड नळी म्हणून काढ, आणि तुझ्या यंत्रणेची मोजलेली चूक त्यात आणखी मिळव. ड्रिलचं टोकही त्यावरच्या खोलीच्या खुणेच्या पुढे जातं, काही ड्रिलमध्ये जवळपास १ मिमी. तेही हिशेबात धर.

आता मार्कर, म्हणजे हेडसेटचा कॅमेरा जिच्यावरून जागा ओळखतो ती खूण. तो कपाळावर किंवा हेडरेस्टवर चालणार नाही. खालचा जबडा कवटीपासून स्वतंत्र हलतो. त्याच जबड्यातल्या घट्ट दातांवर स्प्लिंट (दातांवर चपखल बसणारा साचा) बसव आणि मार्कर त्यावर लाव. हँडपीसवरचा (ड्रिल धरायच्या मुठीवरचा) मार्कर टोकापासून १० सेंटिमीटर दूर असेल, तर कोनात १ अंशाची चूक झाली तरी टोक पावणेदोन मिलिमीटर सरकतं. मार्कर मोठा घे आणि टोकाजवळ आण. ड्रिल बदललं की लांबी बदलते, म्हणून दर बदलाला टोक पुन्हा कॅलिब्रेट करायला लावायचं, त्याशिवाय पुढची पायरी उघडायचीच नाही.

सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर) तोंडातला स्कॅन जुळवताना धातूच्या कॅपजवळचे बिंदू वगळ, तिथे प्रतिमेत पट्टे येतात. सुरुवातीला आणि दर ड्रिलनंतर टोक शेजारच्या दाताच्या ठरलेल्या टोकाला टेकवून बघायचं. पडद्यावर ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त लांब दिसलं, तर तिथेच थांबायचं आणि आधी स्प्लिंट हललं आहे का ते पाहायचं.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. डॉक्टरच्या हाताने किंवा सक्शनच्या नळीने मार्कर झाकला गेला, तर तुझं चित्र शेवटच्या जागी गोठून राहतं. ते खरंच वाटतं, आणि हात पुढे जात राहतो. मार्कर दिसेनासा झाला त्याच क्षणी चक्र आणि आकडा दोन्ही पूर्ण नाहीसे झाले पाहिजेत.

एवढे बदल करून रेझिनच्या जबड्यावर दहा भोकं पाड, त्यांचा सीबीसीटी काढ आणि ठरवलेल्या मार्गाशी ताडलेले आकडे मला पाठव. सरासरी नको, दहाही वेगवेगळे हवेत.

तुझा,
माधव