‘आधी टर्मिनलमध्ये बोलून बघा’ असं सांगणाऱ्या मित्रास

स. न. वि. वि.

‘इंजिन चालत नाही.’ लिनक्सवर बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे खेळी शोधून देणारा प्रोग्रॅम, वापरू पाहणारे लोक तीन शब्दांची ही तक्रार घेऊन तुमच्याकडे येतात. लिनक्सची कोणती डिस्ट्रो (वाण), कुठलं इंजिन, पडद्यावर काय दिसतंय, काहीच सांगत नाहीत. तुम्ही त्यावर कधी त्रागा केला नाहीत. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं : पट दाखवणारा प्रोग्रॅम बंद करा, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, इंजिनाचं नाव टाइप करा आणि त्याच्याशी आधी स्वतः बोलून बघा. या एका सवयीने लिनक्सवर बुद्धिबळ खेळणाऱ्या किती जणांचा किती वेळ वाचला, ते आम्ही जवळून पाहतो आहोत. त्याचे आभार एकट्याने, खासगीत मानणं आम्हाला पुरेसं वाटेना. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही शिकवलेलं त्यात आम्हाला जमेल तितक्या नेमकेपणाने लिहितो आहोत, म्हणजे पुढच्या माणसालाही ते हाताशी राहील.

मुळात तुम्ही डोक्यातला एक गोंधळ काढून टाकलात. पट वेगळा आणि इंजिन वेगळं. स्टॉकफिश या इंजिनाला ना खिडकी आहे, ना सोंगट्या. तो एक ओळ वाचतो आणि उत्तरादाखल काही ओळी लिहितो, बस्स. रुडॉल्फ हूबर आणि स्टेफान मायर-काहलेन यांनी २००० साली यूसीआय ही पट आणि इंजिन यांच्यातली बोली मांडली, आणि आजची बहुतेक इंजिनं तीच बोलतात. टर्मिनलमध्ये इंजिन सुरू करून लहान इंग्रजी अक्षरांत ‘यूसीआय’ टाइप केलं की इंजिनाचं नाव येतं, ऑप्शनची यादी येते आणि शेवटी ‘यूसीआयओके’. मग ‘इजरेडी’ विचारायचं, ‘रेडीओके’ यायला हवं. त्यानंतर ‘पोझिशन स्टार्टपॉस’ आणि ‘गो डेप्थ २०’. खोली, गुण, खेळ्यांची साखळी अशा ओळी सरसर येतात आणि अखेरीस ‘बेस्टमूव्ह’.

इथे तुमचा एक आग्रह फार मोलाचा ठरला : ‘यूसीआयओके’वर थांबायचं नाही, ‘गो’ देऊन बघायचंच. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून पटावरच्या स्थितीचं मूल्यमापन एनएनयूई या न्यूरल नेटवर्कवर होतं. ही कल्पना मूळची शोगी या जपानी बुद्धिबळाची, यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेली. नेटवर्कची फाइल सहसा इंजिनातच बसवलेली असते. पण स्वतः कंपाइल करताना, म्हणजे सोर्स कोडमधून इंजिन बांधताना, ती उतरलीच नाही, तर इंजिन स्वतःचं नाव सांगतं, ऑप्शन दाखवतं आणि विचार करायची वेळ आली की चूक छापून बंद पडतं. पटावर मात्र एवढंच दिसतं की इंजिन गेलं. कारण कळतं ते टर्मिनलमध्येच.

सुरुवातच होत नसेल, तर पडद्यावर येणारं वाक्य शब्दशः वाचायला तुम्ही शिकवलंत. डेबियन आणि तिच्या घराण्यातल्या डिस्ट्रोंवर पॅकेजमधून घेतलेला स्टॉकफिश ‘यूएसआर’मधल्या ‘गेम्स’ फोल्डरमध्ये बसतो. हे फोल्डर तुमच्या ‘पाथ’मध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) नसेल तर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं, आणि लोक तेच पॅकेज पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. पूर्ण पाथ दिला की काम होतं. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर डाउनलोड केलेल्या फाइलला एक्झिक्यूट (चालवण्याची) परवानगी नाही, ती द्यायची. परवानगी देऊनही तेच वाक्य येत असेल तर बहुधा ती फाइल ‘नोएक्झेक’ लावून (तिथून प्रोग्रॅम चालवायला बंदी घालून) माउंट केलेल्या पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर आहे. ती होम फोल्डरमध्ये हलवा.

सगळ्यात फसवं वाक्य म्हणजे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल डोळ्यांसमोर दिसते आहे आणि शेल (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) म्हणतं, नाही! तुम्ही समजावलंत की न सापडलेली फाइल ही नव्हेच. तिला लागणाऱ्या लायब्ररी जोडून चालवणारा डायनॅमिक लोडर सापडलेला नाही. बहुतेक वेळा ते जुनं ३२-बिट इंजिन असतं आणि ६४-बिट सिस्टिमवर ३२-बिट लायब्ररी नसतात. ‘फाइल’ ही कमांड त्या इंजिनावर चालवली की ते कशासाठी बांधलंय ते लगेच कळतं. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आलं तर प्रोसेसरचं कुळच वेगळं, म्हणजे एआरएमचं इंजिन इंटेलवर किंवा त्याच्या उलट. आणि ‘जीलिबसी’च्या (सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीच्या) अमुक आवृत्तीचा उल्लेख करून रडत असेल तर इंजिन तुमच्या सिस्टिमपेक्षा नव्या सिस्टिमवर बांधलेलं आहे. अशा वेळी इकडून तिकडून लायब्ररी आणून बसवू नये. सोर्स घेऊन आपल्याच मशीनवर कंपाइल करावं.

त्या कंपाइलची भीतीही तुम्हीच घालवलीत. मेक आणि जी++ ही बांधणीची साधनं हवीत, नेटवर्कची फाइल उतरवायला कर्ल किंवा डब्ल्यूगेट हवं. ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक’ला ‘प्रोफाइल-बिल्ड’ हे लक्ष्य द्यायचं. त्यात इंजिन दोनदा बांधलं जातं : पहिल्यांदा मोजमापासाठी, मग ते चालवून कोणता कोड जास्त वापरला जातो ते नोंदवलं जातं, आणि त्या नोंदीवरून दुसऱ्यांदा. म्हणून वेळ लागतो. अडकलं असं समजून मध्येच कंट्रोल-सी दाबू नये.

तयार बायनरी, म्हणजे आधीच बांधलेलं इंजिन, घेणाऱ्यांना गाठणारी चूक म्हणजे ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’. सर्वांत वेगवान दिसणारी फाइल उतरवायची आणि आपल्या प्रोसेसरला त्या सूचनाच ठाऊक नसायच्या. ‘एलएससीपीयू’ चालवून फ्लॅग्जच्या ओळीत (प्रोसेसरला ठाऊक असलेल्या सूचनांच्या यादीत) ‘एव्हीएक्स२’, ‘बीएमआय२’, ‘पॉपसीएनटी’ यांतलं काय आहे ते आधी बघायचं. एव्हीएक्स२ नसेल तर एसएसई४.१-पॉपसीएनटीची बायनरी घ्यायची. यातली तुम्ही दाखवलेली बारीक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते : झेन ३ च्या आधीच्या एएमडी रायझनवर बीएमआय२ फ्लॅग दिसतो, पण त्यातली ‘पेक्स्ट’ ही सूचना तिथे फार हळू चालते. त्या मशीनवर एव्हीएक्स२ची बायनरीच अधिक वेगात जाते. फ्लॅग आहे म्हणजे फायदा आहे, असं धरून चालता येत नाही.

मग खात्री कशी करायची? ‘स्टॉकफिश बेंच’. कुठलाही ऑप्शन न बदलता हे चालवलं की शेवटी तीन आकडे येतात : लागलेला वेळ, तपासलेले नोड (पटावरच्या स्थिती), आणि सेकंदाला किती नोड. लोक फक्त तिसरा आकडा बघतात. तुम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवलंत. त्याच आवृत्तीचा तो आकडा कुठल्याही मशीनवर तंतोतंत सारखाच यायला हवा. वेग कमीजास्त होईल, नोड नाही. तो जुळला नाही तर कंपायलरने कुठेतरी घोळ घातलाय किंवा आवृत्ती आपण समजतो ती नव्हेच. इंजिनाच्या प्रकृतीची इतकी स्वस्त आणि पक्की तपासणी दुसरी आम्हाला माहीत नाही.

टर्मिनलमध्ये सगळं सुरळीत असताना पटात अडतं, तेव्हा दोष मधल्या सांध्यात असतो. एक्सबोर्ड या पटाच्या प्रोग्रॅमची मूळ बोली यूसीआय नव्हे. त्याला स्टॉकफिश थेट दिला तर एक्सबोर्ड आपल्या भाषेत हाका मारतो आणि इंजिन ‘अननोन कमांड’ म्हणत राहतं. हे इंजिन यूसीआय आहे असं ‘एफयूसीआय’ ऑप्शनने सांगायचं आणि फाब्यां लेतुझे यांचा पॉलिग्लॉट हा दुभाषा इन्स्टॉल केलेला असायला हवा. क्यूटचेस आणि पायचेस या पटाच्या प्रोग्रॅमना दोन्ही बोली येतात, तिथे ही अडचण नाही. मात्र पटाचा प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमधून (प्रोग्रॅम बंदिस्त पेटीत चालवणाऱ्या पॅकेजमधून) घेतला असेल तर त्याला आपल्या सिस्टिमचं ‘यूएसआर’ दिसतच नाही, त्याच्या पेटीतलं वेगळंच दिसतं. इंजिन होम फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते, आणि तरीही लायब्ररी पेटीतल्याच वापरल्या जातात. बाहेरची इंजिनं जोडायची असतील तर पट डिस्ट्रोच्या पॅकेजमधून घ्यावा, हे तुमचं मत आम्हाला पूर्ण पटतं. आणखी एक : नेटवर्क किंवा बुकची फाइल स्वतःच्या शेजारी शोधणारी काही इंजिनं प्रत्यक्षात चालू फोल्डरमध्ये शोधतात. पटातल्या सेटिंगमध्ये ‘वर्किंग डिरेक्टरी’ इंजिनाच्याच फोल्डरची द्यायची.

स्वतःचं इंजिन लिहिणाऱ्या मुलांसाठी तुम्ही जे केलंत त्याला तोड नाही. त्यांचं इंजिन टर्मिनलमध्ये टकाटक उत्तर देतं आणि पटाला जोडलं की मुकं होतं. मुलं आपल्या सर्च कोडमध्ये चूक शोधत रात्री घालवतात. चूक तिथे नसतेच. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर सी लायब्ररी ओळ संपली की मजकूर पुढे पाठवते. पण पाइपमध्ये, म्हणजे थेट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे, जात असेल तर बफर (तात्पुरता साठा) भरेपर्यंत धरून ठेवते. ‘यूसीआयओके’ त्या बफरातच बसून राहतं आणि पट वाट बघत राहतो. प्रत्येक उत्तरानंतर फ्लश करा, म्हणजे साठलेला मजकूर लगेच पुढे ढकला. पायथॉनमध्ये प्रिंटला ‘फ्लश’ ट्रू द्या. एका ओळीची दुरुस्ती.

थ्रेड (एकाच वेळी चालणारे विचाराचे धागे) आणि हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी) यांबद्दल थोडक्यात. स्टॉकफिश मुळात १ थ्रेड आणि १६ एमबी हॅश घेऊन सुरू होतो; लांब विश्लेषणाला ते फार कमी आहे. आधी थ्रेड ठरवायचे, मग हॅश, हा क्रम पाळायचा. ८ जीबी रॅम असेल तर एका इंजिनाला २०४८ एमबी ठीक; दोन इंजिनांचा सामना असेल तर प्रत्येकाला १०२४, कारण प्रत्येकाची हॅश स्वतंत्र असते. हाव करून जास्त दिली आणि मशीन स्वॅपवर (रॅमऐवजी डिस्कवर) गेलं की वेग कोसळतो. माहितीच्या ओळीतला ‘हॅशफुल’ हजारापैकी किती भाग हॅश भरली ते सांगतो. तो बराच वेळ १००० च्या आसपास राहिला तरच वाढवायचा विचार करावा. सामने लावताना एका वेळी चालणारे डाव गुणिले थ्रेड हे खऱ्या कोअरच्या संख्येपुढे जाऊ द्यायचं नाही, नाहीतर निकालात इंजिनाची ताकद न दिसता शेड्यूलरची (कोअर वाटून देणाऱ्या व्यवस्थेची) मर्जी दिसते.

एंडगेमच्या टेबलबेसचं, म्हणजे थोड्या सोंगट्यांच्या स्थितींच्या आधीच काढलेल्या निकालांचं, तुमचं मार्गदर्शन असंच मोजूनमापून. रोनाल्ड डी मान यांच्या सिझिजी टेबलबेसमधली ३ ते ५ सोंगट्यांच्या (दोन्ही राजे धरून) फाइली मिळून सुमारे १ जीबी होतात. ६ सोंगट्यांच्या सुमारे १५० जीबी. ७ च्या तर १७ टीबीच्या घरात, तिकडे घरच्या मशीनने बघूही नये. ५ पर्यंतच्या संचात डब्ल्यूडीएलच्या (जीत, बरोबरी की हार) १४५ आणि डीटीझेडच्या (पुढच्या मारामारीपर्यंत किंवा प्याद्याच्या खेळीपर्यंतचं अंतर) १४५ फाइली असतात. पाथ दिल्यावर इंजिन किती सापडल्या ते सांगतं, तो आकडा जुळवायचा. दोन फोल्डर असतील तर लिनक्सवर मध्ये कोलन लागतो. विंडोजवरून उचललेला अर्धविराम इथे चालत नाही. फाइली एसएसडीवर ठेवायच्या आणि उतरवल्यावर चेकसम (फाइल पूर्ण उतरली का हे दाखवणारा आकडा) तपासायचा, कारण अर्धवट उतरलेली एक फाइल ऐन डावात इंजिन बंद पाडू शकते.

ओपनिंग बुकसाठी (सुरुवातीच्या खेळ्यांच्या संग्रहासाठी) पॉलिग्लॉटचं ‘मेक-बुक’ आहे : पीजीएन, म्हणजे डावांची नोंद असलेली फाइल, द्या, किती खेळ्यांपर्यंत आणि किमान किती डावांत आलेली खेळी घ्यायची ते सांगा, बिन फाइल तयार. ती पटाच्या प्रोग्रॅमला जोडायची, इंजिनाला नव्हे. सिड या डाव साठवणाऱ्या प्रोग्रॅमचा जुना डेटाबेस हलवताना एसआय४, एसजी४ आणि एसएन४ या तिन्ही फाइली सोबत न्यायच्या. एक राहिली की बाकी दोन निरुपयोगी.

आणि शेवटी ती दोन ओळींची स्क्रिप्ट. इंजिन फक्त मजकूर वाचतं आणि लिहितं, मग ते याच मशीनवर असायला हवं असं कुठे आहे? पहिल्या ओळीत शेल, दुसऱ्या ओळीत एसएसएच (दूरच्या मशीनवर कमांड चालवणारं साधन), दुसऱ्या मशीनचं नाव आणि तिथल्या स्टॉकफिशचा पूर्ण पाथ. स्क्रिप्टला एक्झिक्यूट परवानगी दिली की पट तिलाच इंजिन समजतो. जुना लॅपटॉप समोर, गणित पलीकडच्या दणकट मशीनवर. पासवर्डऐवजी एसएसएचची ‘की’ (किल्लीची फाइल) वापरायची, कारण पासवर्डचा प्रश्न पटाला दिसतच नाही आणि तो गोठल्यासारखा बसतो. पूर्ण पाथ द्यायचा, कारण अशा जोडणीत ‘पाथ’ तोकडा असतो. ‘मूव्ह ओव्हरहेड’ (जोडणीतल्या उशिरासाठी राखलेला वेळ) मुळातल्या १० मिलिसेकंदांवरून वाढवायचा, नाहीतर वेळ संपून जिंकलेला डाव हातचा जातो. आणि ही स्क्रिप्टसुद्धा पटाला जोडण्याआधी टर्मिनलमध्ये चालवून ‘यूसीआय’ टाइप करून बघायची!

अशी उत्तरं देताना तुम्ही कधी आयती फाइल हातात ठेवून मोकळे झाला नाहीत. कारण सांगितलंत, मग उपाय. त्यामुळे ज्यांना तुम्ही मदत केलीत त्यांतले कितीतरी जण आज दुसऱ्यांची इंजिनं सुरू करून देत आहेत, आणि त्यांचंही पहिलं वाक्य तुमचंच असतं. मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपले,
लिनक्सवर डाव मांडणारे आम्ही सगळे