तक्रार: मॉन्टेक्रिस्तो नंबर 4 या क्यूबन सिगारच्या पेटीच्या तळाबाबत

प्रति,
व्यवस्थापक, आयात विभाग व ग्राहक सेवा

विषय: 25 सिगारची बनावट पेटी, आणि काल दुपारी तुमच्या माणसाने मला शिकवलेली अक्कल

महोदय,

काल दुपारचा फोन सातवा होता. आठवा करणार नाही, म्हणून हे पत्र. मालक मराठी आहेत असं तुमच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं, तेव्हा मराठीतच लिहितो. निदान भाषेची सबब नको.

38,500 रुपये, पक्की पावती, पावतीवर 'शंभर टक्के ओरिजिनल, अधिकृत आयात'. पेटी माझ्यासाठी नव्हती. बायपासनंतर मी धूर सोडला. माझ्या जुन्या कॅप्टनसाहेबांचा अमृतमहोत्सव होता. त्यांच्या जहाजावर मी चीफ इंजिनिअर होतो. साहेबांनी पेटी घेतली, झाकण उघडलंच नाही. उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला, तळ वाचला आणि चारचौघांत म्हणाले, "चीफ, क्यूबावाले ऑगस्ट इंग्रजीत कधीपासून लिहायला लागले?"

तळावर शिक्का आहे 'ए-यू-जी 22'. स्पॅनिशमध्ये ऑगस्ट म्हणजे 'ए-जी-ओ'. जानेवारी म्हणजे 'ई-एन-ई'. हे तुम्हाला मी सांगायचं? 2000 सालापासून तिथे महिना आणि वर्ष असं उघड छापतात. त्याआधी तारीख सांकेतिक अक्षरांत असायची, तेव्हा गफलत झाली असती तर समजून घेतलं असतं. आता तर पहिलीतल्या पोरालाही वाचता येतं.

बरं, तेवढंच असतं तर गप्प बसलो असतो. नसतो बसलो, पण असो. 'हाबानोस एस. ए.' हे कंपनीचं नाव, 'एचो एन कूबा' म्हणजे क्यूबात बनवलेलं, 'तोतालमेन्ते आ मानो' म्हणजे पूर्णपणे हाताने, ही अक्षरं लाकडात तापलेल्या ठशाने डागलेली असतात. बोट फिरवलं की खोलगट लागतात. शाईचा शिक्का असतो तो फक्त कारखान्याच्या खुणेचा आणि तारखेचा. तुमच्या पेटीवर सगळं एकाच जांभळ्या शाईत, ग्रामपंचायतीच्या दाखल्यासारखं. ओल्या बोटाने पुसलं तर 'कूबा' गेलं, 'एचो एन' राहिलं.

आता हिरवं-पांढरं सरकारी सील. क्यूबाच्या सरकारने 1912 च्या कायद्याने ते लागू केलं, म्हणजे तुमच्या दुकानाच्या बरंच आधी. 2010 च्या सुमारास नवं सील आलं, त्यावर होलोग्राम आहे, बारकोड आहे. माझ्या पेटीवर जुन्या धाटणीचं सील आहे, लाल आकडे आहेत, पण होलोग्राम नाही आणि बारकोड नाही. तळ म्हणतो 2022, सील म्हणतं 2010 च्या आधीचं. एकाच पेटीत दोघं भांडतायत आणि तुम्हाला ऐकू येत नाही.

हेच मी काल तुमच्या माणसाला सांगत होतो. तेवीस मिनिटं होल्डवर बासरी ऐकवून तो लाइनवर आला. म्हणाला, "सर, बारकोड कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा ना." मी म्हटलं, तक्रारच ती आहे, बारकोड नाहीये. म्हणाला, "असतो सर, नीट बघा." मी बघितलं, म्हटलं नाही. म्हणाला, "पिशवीवर बघा सर." पिशवीवर! पिशवीवर तुमच्या दुकानाचा किमतीचा स्टिकर आहे हो. तो आकडा क्यूबाच्या वेबसाइटवर टाकू? तर म्हणे, "ट्राय करायला काय हरकत आहे?" मग मी महिन्याचं काढलं. तो म्हणाला, "सर, ए-यू-जी म्हणजे ऑगस्टच ना? मग बरोबरच आहे की." मी सावकाश, अगदी शाळामास्तरासारखं समजावलं. तो शांत होता. मला वाटलं, लिहून घेतोय. आणि मग त्याने विचारलं, "सर, एक पेटवून बघितली का?" म्हटलं, पाहुण्यांपैकी एकाने पेटवली. "धूर आला ना?" आला. "मग ओरिजिनलच आहे सर."

मी पन्नास वर्षं इंजिनं बघितली. धूर आला म्हणजे सगळं ठीक, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धूर चिंधी जाळली तरी येतो! त्यावर तो म्हणाला, "सर, तुम्ही थोडे अपसेट आहात, मी तुम्हाला कॉम्प्लिमेंटरी लायटर पाठवतो." बायपास झालेल्या माणसाला.

आत उघडलं तेव्हा बघितलं, तेही सांगून टाकतो. खऱ्या पेटीत सिगार रंगाने लावलेल्या असतात, डावीकडून गडद, उजवीकडे फिकट होत जातात. ही निवड करणारी माणसं त्यासाठीच नेमलेली असतात. तुमच्या पेटीत एक चॉकलेटी, एक पिवळी, पुन्हा चॉकलेटी. जशी हाताला लागली तशी भरलेली. आणि 'अधिकृत आयात' असेल तर आपल्या कायद्याचं इशाऱ्याचं चित्र कुठाय? पाकिटाच्या 85 टक्के जागेवर ते लागतं. आयातदाराचं नाव आणि एमआरपी कुठाय? एकही नाही. म्हणजे क्यूबाच्या खुणाही खोट्या आणि भारताच्या खुणा तर नाहीतच. आणि पुन्हा सांगतो, ऑगस्ट इंग्रजीत आहे.

राग 38,500 चा नाही. तो आहेच, पण कमी आहे. तुमच्या दुकानात एवढी वर्षं माल येतो, एकालाही पेटी उलटी करावीशी वाटली नाही, की केली आणि तरी विकली? दोन्हींपैकी कुठलं उत्तर तुम्हाला बरं वाटतं ते कळवा.

पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत. नाही आले तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे. पेटी परत मागू नका. चोवीस सिगार, सील आणि पुसलेल्या 'कूबा'सकट ती पुरावा म्हणून कपाटात आहे. फोटो सोबत जोडलेत, तळाचे दोन जास्त.

निवृत्त मरीन इंजिनिअर, ठाणे
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे आहेत, सात वेळा सांगितलेत.)

ता. क. लायटर आज सकाळी आला. त्याच्या तळावर काय लिहिलंय ते मी बघितलेलं नाही.