रविवारी फोन का नाही उचलला

ती. आई-बाबा, सा. न.

आई, रविवारी तू तीनदा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही, रागावली असशील. तब्येत ठीक आहे, जेवलेही होते (खिचडीच, पण जेवले). एक व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नव्हतं, त्यात रात्रीचे दोन वाजले. सोमवारी बाबांनी विचारलं नेमकं काय बिघडलं होतं, तेव्हा मी घाईत होते म्हणून आता सांगते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर. त्यात जो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, जागा होतो त्याला बिचाऱ्याला डिस्क कुठाय, नेटवर्क कार्ड आहे की नाही, काही माहीत नसतं. मग बाबा, तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात मीटर रीडिंगला फिरायचात ना, तसा तो दारोदार फिरतो. पीसीआय बस म्हणजे कार्डं जोडायची गल्लीच, अशा एका बसवर ३२ दारं, प्रत्येकाला विचारायचं, वेंडर नंबर (बनवणाऱ्या कंपनीचा नंबर) काय तुझा. घर रिकामं असलं तर १६ च्या १६ बिट एक येतात, की पुढचं दार. कोणी असलं तर खरा नंबर येतो, मग डिव्हाइसचा नंबर विचारायचा आणि त्या दोन्हींवरून ड्रायव्हर, म्हणजे ते डिव्हाइस चालवणारा प्रोग्राम, ठरतो. गंमत म्हणजे इथे त्या दारांमागे हार्डवेअर नसतंच, एकच बहुरूपी बसलेला असतो, हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर (व्हर्च्युअल मशीन उभं करतं तेच), तोच कधी डिस्क होऊन ओ देतो कधी नेटवर्क कार्ड होऊन. पूर्वी तो खऱ्याखुऱ्या कार्डांची हुबेहूब नक्कल करायचा, ते फार स्लो पडायचं, मग मुद्दाम व्हर्च्युअल मशीनसाठीच व्हर्टआयओ नावाची सोपी पद्धत काढली, २००८ च्या जानेवारीत लिनक्स २.६.२४ मधे आली, मी तेव्हा दहावीला होते आणि आई मला पहाटे चारला उठवायची.

पण माझं मशीन अगदी छोट्या जातीचं, त्यात पीसीआयच नाही. डिस्क मेमरीतल्या एका पत्त्यावर गुपचूप बसलेली, मी इथे आहे म्हणून सांगणार नाही, आणि कर्नल वाटेल तिथे दार ठोठावत फिरला तर भलतीकडेच हात लागून सगळं अडकायचं. म्हणून त्याला आधी चिठ्ठी द्यावी लागते, अमुक पत्ता, ४ केबी जागा, इंटरप्ट ५ (म्हणजे डिस्कने कर्नलला हाक मारायची लाइन). एआरएम जातीच्या प्रोसेसरवर बहुतेकदा डिव्हाइस ट्री नावाची यादी मिळते, माझी चिठ्ठी कमांड लाइनवर, म्हणजे सुरू होताना कर्नलला देतात त्या ओळीत होती. तिथे गेल्यावर तो आधी व्ही आय आर टी ही चार अक्षरं दिसतायत का बघतो, मग नंबर, १ म्हणजे नेटवर्क, २ म्हणजे डिस्क.

चिठ्ठी बरोबर होती हो! तीन तास तीच वाचत बसले, पत्ता परत परत ताडून पाहिला, आणि स्क्रीनवर तेच, रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही, अननोन ब्लॉक शून्य शून्य, म्हणजे थोडक्यात डिस्कच सापडत नाही. शेवटी सापडलं, कर्नल बनवताना ती चिठ्ठी वाचायचा ऑप्शनच बंद होता, आणि तो बंद केला होता मीच, मागच्या महिन्यात, हे कशाला हवंय म्हणून. कोणाला सांगू नका.

आई, गुडघ्याचा पट्टा कुरिअरने पाठवलाय. मागच्या वेळी तो मुलगा आपल्या गल्लीतून दोनदा फिरून परत गेला म्हणून पत्त्यात लिहिलंय, पिठाच्या गिरणीशेजारच्या बोळातून आत, निळा दरवाजा, बेल चालत नाही. बाबा, दुपारी फोन जवळ ठेवा.

तुमची,
छोटी